ओलं, कोरडं आणि शेवटचा तास
(घरच्या पार्टीच्या पदार्थांविषयी वाचकांचे प्रश्न)

या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड आहे आणि बहुतेक पत्रं घरच्या पार्टीची आहेत. कुणाचं चॉकलेट आळलं, कुणाची बिस्किटं पसरली, कुणाच्या जेलीचं सरबत झालं. तक्रारी वेगवेगळ्या, पण खोदत गेलं की बहुतेकींच्या मुळाशी पाणीच सापडतं: नको तिथे शिरलेलं, नाहीतर हवं तिथून निघून गेलेलं. काही खास करायचं ठरलं की लोक आधी सजावट डोळ्यांसमोर आणतात. मी आधी पाण्याचा हिशेब मांडते. घरचे यावरून मला चिडवतात. चिडवू देत.

प्रश्न: मुलीच्या वाढदिवसाला स्ट्रॉबेरी आणि केकचे छोटे गोळे चॉकलेटमध्ये बुडवून द्यायचं ठरवलं. डार्क चॉकलेट उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून वितळवलं. छान चकचकीत झालं आणि बघता बघता त्याचा कोरडा, रवाळ गोळा झाला. सैल करायला चमचाभर दूध घातलं, तर आणखीच बिघडलं. दुसऱ्या खेपेला जमलं, पण दुसऱ्या दिवशी वर पांढुरका थर आला. आईला वाटलं बुरशी आली, तिने सगळे फेकून दिले. माझं काय चुकतंय?
— नव्यानेच ओट्यापाशी उभा राहिलेला बाबा

उत्तर: आधी आईंना सांगा, ती बुरशी नव्हती. खाल्ले असते तर कुणाला काही झालं नसतं.

चॉकलेट म्हणजे कोकोच्या लोण्यात कालवलेली साखर आणि कोकोची बारीक पूड. त्यात पाणी जवळपास नसतंच. अशा कोरड्या मिश्रणात वाफेचे दोन थेंब पडले, ओला चमचा गेला किंवा नीट न पुसलेली स्ट्रॉबेरी बुडली, की साखरेचे कण तेवढ्या पाण्याने चिकट होतात, एकमेकांना धरतात आणि सगळ्याचा गोळा होतो. तुम्ही चमचाभर दूध घातलंत, म्हणजे चिकटायला आणखी थोडं पाणी दिलंत. गंमत अशी की थोड्या पाण्याने बिघडलेलं चॉकलेट भरपूर पाण्याने सुधारतं. 100 ग्रॅम चॉकलेटला निदान 30 मिली कोमट दूध किंवा क्रीम, एकेक चमचा घालत, न थांबता घोटत राहा. एका क्षणी ते पुन्हा गुळगुळीत होतं. मात्र ते आता बुडवायला चालणार नाही, कारण कडक होणार नाही. केकवर ओता, फळांबरोबर वाटीत द्या.

पुढच्या वेळी खालचं पाणी उकळू देऊ नका, नुसतं वाफाळतं असू द्या. वरच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये आणि ते भांडं खालच्या पातेल्यापेक्षा रुंद हवं, म्हणजे वाफ कडेने वर येऊन चॉकलेटमध्ये पडत नाही. डार्क चॉकलेट 50 अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका, दुधाचं आणि पांढरं 45 च्या वर नको. स्ट्रॉबेरी सकाळीच धुवा, कापडावर पसरून वाळवा आणि बुडवताना त्या फ्रीजमधून काढलेल्या थंडगार नकोत. थंड फळावर हवेतलं पाणी जमतं आणि पुन्हा तेच रामायण.

आता पांढरा थर. कोकोचं लोणी साधारण 34 अंशांना वितळतं आणि गोठताना सहा निरनिराळ्या प्रकारचे स्फटिक बनवू शकतं. चकाकी आणि मोडताना येणारा ‘कट्’ आवाज त्यातल्या एकाच प्रकाराचा. चॉकलेट वितळवून नुसतं थंड होऊ दिलं की बाकीचे प्रकारही घुसतात आणि मग चरबी हळूहळू वर येऊन पांढुरकी दिसते. यावरचा उपाय म्हणजे टेम्परिंग. घरी असं करा: चॉकलेटचे दोन भाग वितळवा, आचेवरून उतरवा, तिसरा भाग बारीक चिरून त्यात घाला आणि ढवळत ढवळत डार्क चॉकलेट 31 ते 32 अंशांवर आणा. दुधाच्या चॉकलेटला 29 ते 30 पुरे. सुरीच्या टोकावर थोडं लावून बाजूला ठेवा. पाच मिनिटांत चकचकीत गोठलं तर झालं.

थर्मामीटर नसेल किंवा ऐन उकाड्यात पार्टी असेल, तर सरळ कंपाउंड चॉकलेट घ्या. त्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, त्यामुळे टेम्परिंगची कटकट नाही. चवीला ते उणं पडतं हे खरं, पण सात वर्षांच्या पाहुण्यांना त्याने फरक पडत नाही. मोठ्यांसाठी करणार असाल तर खरं चॉकलेटच वापरा.

फ्रीजमध्ये ठेवलंत तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीइतका कोमट होईपर्यंत उघडू नका. घाईने उघडला की चॉकलेटला घाम सुटतो, वरची साखर त्यात विरघळते आणि सुकल्यावर खरखरीत पांढरी दिसते. हा दुसऱ्या प्रकारचा पांढरा थर, तोही निरुपद्रवी.

प्रश्न: माझी केकची कृती 20 सेंटिमीटरच्या गोल टिनची आहे. या वेळी पाहुणे जास्त आहेत म्हणून 25 सेंटिमीटरचा टिन आणला. साहित्य सव्वापट केलं तर केक चपटा झाला.
— आकडेमोडीत कच्ची

उत्तर: व्यास सव्वापट झाला, पण केक बसतो क्षेत्रफळात. 25 ला 25 ने गुणा, 20 ला 20 ने गुणा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा: 625 भागिले 400, म्हणजे 1.56. साहित्य दीडपटीहून थोडं जास्त हवं होतं. हे गणित कुठल्याही दोन गोल टिनांना चालतं. चौकोनी टिन घरात असेल तर 20 सेंटिमीटरचा चौकोन आणि 23 सेंटिमीटरचा गोल जवळजवळ सारखंच मिश्रण घेतात. टिन कधीही दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. मोठ्या केकला वेळ जास्त लागतो, म्हणून ओव्हनचं तापमान दहा-पंधरा अंश उतरवा, नाहीतर कडा करपतील आणि मधोमध कच्चा राहील.

प्रश्न: थरांची रंगीत जेली करायची होती. ताजं अननस आणि किवी घालून जिलेटिनची जेली केली, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी वाटीत सरबत! पाकिटावर सांगितलं होतं तेवढंच पाणी घेतलं होतं. नंतर डब्यातलं अननस घेऊन केली तर बसली. शिवाय सासूबाईंनी विचारलं, की जिलेटिन शाकाहारी असतं का? मी गप्प बसले.
— जेलीवर रुसलेली सून

उत्तर: सासूबाईंची शंका रास्त आहे. जिलेटिन जनावरांच्या कातडी आणि हाडांपासून करतात. ते प्रथिन आहे, त्याची जाळी पाण्याला धरून ठेवते. ताज्या अननसात, किवीत, पपईत आणि अंजिरात प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम्स) असतात. ती ही जाळी कापत बसतात आणि पाणी मोकळं होतं. डब्यातलं अननस डबाबंद करताना तापवलेलं असतं, तिथेच विकरांचा निकाल लागतो. म्हणजे तुमचं प्रमाण बरोबर होतं. ताजंच फळ हवं असेल तर फोडी काही मिनिटं उकळून, गार करून घाला.

पण तुमच्या घरासाठी मी अगार-अगार सुचवेन, ज्याला आपण चायना ग्रास म्हणतो. ते समुद्री शेवाळापासून बनतं आणि प्रथिन नसल्यामुळे ही विकरं त्याला हात लावू शकत नाहीत. 250 मिली पाण्याला साधारण 2 ग्रॅम पूड, म्हणजे छोटा सपाट चमचा. ती गार पाण्यात आधी कालवून घ्या, मग दोन-तीन मिनिटं खळखळ उकळा. नुसतं गरम पाणी ओतून चालत नाही, बहुतेकांची अगारची जेली तिथेच फसते. लिंबाचा किंवा कुठलाही आंबट रस त्याच्याबरोबर उकळू नका, पकड सैल होते. उतरवल्यावर घाला.

अगार चाळीस अंशांच्या खाली आलं की बाहेरच बसतं आणि एकदा बसलं की पुन्हा वितळायला 85 अंशांच्या आसपास तापवावं लागतं. त्यामुळे उकाड्यात टेबलावर ठेवलेली जेली पाघळत नाही. उणी बाजू एकच: जिलेटिन जिभेवर विरघळतं, अगार दाताखाली तुटतं. काहींना ते आवडत नाही. त्यांच्यासाठी पूड थोडी कमी घाला.

जेलीचा हा गुण प्रयोगशाळेत नेला तो एका गृहिणीने. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेस जिवाणू वाढवत होते, जिलेटिनवर. उन्हाळ्यात ते वितळायचं आणि काही जिवाणू तर ते पचवून टाकायचे. थोडक्यात, तुमचीच अडचण. त्यांची पत्नी फॅनी हेस घरच्या जेलीत अगार वापरायची. 1881 मध्ये तिने ते सुचवलं आणि आजही प्रयोगशाळांत अगारच्याच बशा असतात. कॉख यांनी 1882 च्या क्षयावरच्या लेखात अगारचा उल्लेख केला, फॅनीचा नाही. असो.

थर देताना खालचा थर बसलेला पण बोटाला किंचित चिकटणारा असावा आणि वरचं मिश्रण कोमट असावं. खालचा पूर्ण गार होऊ दिलात तर कापताना थर एकमेकांवरून घसरतील.

प्रश्न: आमच्याकडे वर्षातून दोन-तीनदा सगळं कुटुंब जमतं, वीस-पंचवीस माणसं. मी हौसेने फळांचे टार्ट, भरलेले छोटे कप, सँडविच, क्रीमचे ग्लास असं सगळं घरी करते. दुपारी भरून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत टार्टचा तळ लिबलिबीत होतो आणि सँडविचच्या कडा वाळतात. ऐनवेळी करायला घेतलं तर मी अख्खी पार्टी स्वयंपाकघरात. फोटोतही मी नसते.
— फोटोत नसलेली

उत्तर: ताई, तुमच्या पत्रासाठी मी जास्त जागा ठेवली आहे, कारण हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत सगळ्याजणी विचारतात. (सगळ्याजणीच विचारतात, याकडे घरच्यांचं लक्ष वेधावं म्हणते.)

माझा एकच नियम आहे: ओलं आणि कोरडं शेवटच्या तासाआधी एकत्र येऊ द्यायचं नाही. तुमचे पदार्थ मनात उलगडून बघा. टार्टचं कवच कोरडं. आतलं कस्टर्ड ओलं, फळं त्याहून ओली. ग्लासातला बिस्किटांचा चुरा कोरडा, क्रीम ओलं. कोरडे भाग तीन-चार दिवस आधी करून हवाबंद डब्यात भरा: टार्टची कवचं, बिस्किटं, भाजलेला सुका मेवा, मेरँग (अंड्याचा पांढरा भाग साखरेबरोबर फेटून मंद आचेवर वाळवलेला). मात्र एका डब्यात एकच जिन्नस. मऊ केकच्या शेजारी कुरकुरीत बिस्किट ठेवलं तर केकचं पाणी बिस्किटाकडे जातं, मग बिस्किट सादळतं आणि केक वाळतो, दोन्हीकडून नुकसान. ओले भाग, म्हणजे कस्टर्ड, फळांचा सॉस, दह्याचे किंवा चीजचे डिप, आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये. शेवटच्या तासात फक्त भरणं आणि मांडणं उरतं आणि ते काम दहा वर्षांचं मूलसुद्धा करू शकतं. किंबहुना त्यालाच द्या. एका बाजूला रिकामी कवचं, मधे सारणाच्या वाट्या, टोकाला फळं आणि वर शिंपडायची गोळी-पूड, आणि ज्याचं त्याने भरून घ्यायचं. पोरं अर्धा तास त्यात रमतात आणि तुम्ही खुर्चीवर बसून सूचना देता.

आधी भरून ठेवण्यावाचून गत्यंतरच नसेल तर मधे चरबीची भिंत घाला. गोड टार्टच्या आतून वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात फिरवा, गोठू द्या, मग कस्टर्ड भरा. पाणी चरबीतून सहज पार होत नाही, त्यामुळे तळ काही तास तरी कुरकुरीत राहतो. तिखटमिठाच्या कपांना आतून मऊ लोणी किंवा क्रीम चीज लावा. सँडविचलाही हेच. लोणी पावाच्या मधोमध फासून भागत नाही, अगदी कडेपर्यंत गेलं पाहिजे. काकडी-टोमॅटोला आधी मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा, सुटलेलं पाणी टाकून द्या, हलकेच टिपा आणि मगच भरा. मग सारणात वेगळं मीठ घालताना हात आखडता.

सँडविचच्या कडा वाळतात तिथे मात्र पाणी उलट्या दिशेने जातं. कापलेली सँडविच एकमेकांना चिकटवून रचा आणि वर ओलसर, घट्ट पिळलेलं कापड किंवा प्लॅस्टिकची पातळ फिल्म घाला. नुसता पाव फ्रीजमध्ये ठेवू नका. फ्रीजच्या थंडीत पावातला स्टार्च बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. जास्त दिवस ठेवायचा तर फ्रीझरमध्ये. साधा स्पंज केकही क्रीम न लावता, दुहेरी गुंडाळून फ्रीझरमध्ये महिनाभर नीट राहतो. गंमत म्हणजे अर्धवट गोठलेला केक कापायला आणि क्रीम लावायला सोपा जातो, चुरा उडत नाही.

क्रीम फेटताना ते, भांडं आणि फेटणी, तिन्ही थंडगार हवीत. दुधाच्या क्रीममध्ये निदान 30 टक्के स्निग्धांश लागतो, 35 असेल तर काम निश्चिंत. आणि क्रीम, अंडी, दूध, चीज असलेला कुठलाही पदार्थ टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त नको. बाहेर 32 अंशांहून जास्त उकाडा असेल तर एकच तास. म्हणून एक मोठं ताट मांडण्यापेक्षा दोन लहान करा, दुसरं फ्रीजमध्ये थांबू द्या.

शेवटचं, हे निव्वळ माझं मत: एका पार्टीत एकच नखरेल पदार्थ. बाकी साधे, पण ताजे. पाच नखरेल पदार्थांचं कौतुक पाहुणे एकदम करू शकत नाहीत आणि करणारी मात्र दमून जाते.

प्रश्न: रंग नको म्हणून बीट घालून गुलाबी केक केला. मिश्रण काय सुंदर दिसत होतं! ओव्हनमधून निघाला तो तपकिरी.
— नैसर्गिक रंगवाली

उत्तर: बिटाचा रंग उष्णतेपुढे टिकत नाही आणि खायचा सोडा असेल तर आणखी लवकर जातो. बीट न भाजायच्या भागात वापरा: वरच्या आयसिंगमध्ये, क्रीममध्ये, मेरँगवर शिंपडायच्या पुडीत. थोडा लिंबाचा रस घातला की रंग खुलतो. भाजायच्या पदार्थाला पिवळा हवा असेल तर हळद बऱ्यापैकी तग धरते, पण तिथेही सोडा जपून, हळद सोड्याने लालसर होते. मुलांना जादू दाखवायची असेल तर जांभळ्या कोबीचं पाणी काढा. ते सोड्याच्या चिमटीने निळं होतं आणि लिंबाने गुलाबी. सोडा अगदी कणभर, नाहीतर चव साबणाची येते.

प्रश्न: चांदण्या, प्राणी, अक्षरं अशा आकारांची बिस्किटं कापते, पण भाजल्यावर सगळ्यांचे गोल ढग होतात. साच्यात दोष आहे का?
— चांदण्यांच्या शोधात

उत्तर: साचा बिचारा निर्दोष आहे. आकाराच्या बिस्किटांत बेकिंग पावडर किंवा सोडा घालूच नका. लोणी आणि साखर एकजीव होईपर्यंतच घोटा. केकसारखं हलकं होईपर्यंत फेटलंत तर आत हवा भरते आणि तीच ओव्हनमध्ये फुगून कडा मोडते. पीठ दोन बटर पेपरांच्या मधे लाटा, म्हणजे वरून कोरडा मैदा भुरभुरावा लागत नाही, आणि लाटलेलं तसंच फ्रीजमध्ये तासभर ठेवा. कापल्यावर पुन्हा दहा-पंधरा मिनिटं फ्रीझर. घट्ट लोणी वितळायला वेळ घेतं, तोवर बाजूचं पीठ शिजून आकार धरतं. ताटही गार हवं. पहिल्या घाण्याच्या गरम ताटावर दुसरा घाणा मांडलात तर ढग नक्की.

कुरकुरीत हवी असतील तर पांढरी साखर. मध, काकवी किंवा ब्राऊन शुगर हवेतलं पाणी ओढून घेते, त्याने बिस्किटं मऊ राहतात. सादळलीच तर 150 अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या. कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. आयसिंग लावण्याआधी हे करा, नंतर नाही. आणि आयसिंग लावलेली बिस्किटं एकावर एक रचण्याआधी रात्रभर उघडी वाळू द्या.

प्रश्न: पार्टीला एक दहा महिन्यांचं बाळ, तीन वर्षांची दोन मुलं, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेला भाचा आणि मधुमेह असलेले काका आहेत. सगळ्यांना चालेल असा एकच पदार्थ सांगाल का?
— सगळ्यांची मर्जी राखणारी

उत्तर: नाही सांगणार. एकाच पदार्थात सगळं बसवायला जाल तर तो कुणालाच आवडणार नाही. त्यापेक्षा कुणाला काय द्यायचं नाही ते आधी पक्कं करा.

बाळाला एक वर्षाच्या आत मध नको, भाजलेल्या पदार्थातलाही नको. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर आजार होऊ शकतो आणि घरगुती उष्णतेने ते बीजाणू मरत नाहीत. चार वर्षांखालच्या मुलांसमोर पॉपकॉर्न, अख्खे दाणे, कडक गोळ्या ठेवूच नका, घशात अडकतात. द्राक्षं द्यायची तर उभी चिरून चार फोडी करा. गोल चकत्या नकोत.

भाच्याच्या बाबतीत ‘वरचे दाणे काढून देते’ हे चालत नाही. त्याचे पदार्थ सगळ्यांच्या आधी, धुतलेल्या भांड्यांत, वेगळ्या चमच्यांनी करा, झाकून ठेवा आणि त्याचं ताट वेगळं मांडा. ज्या तेलात दाण्याचं काही तळलं त्यात त्याचं काही तळायचं नाही. विकतच्या चॉकलेटचं आणि बिस्किटांचं लेबल वाचा, आणि त्याचं औषध कुठे आहे ते त्याच्या आईला विचारून ठेवा.

काकांसाठी ‘शुगर फ्री’ लिहिलेलं काही आणून निश्चिंत होऊ नका. साखर काढली तरी मैदा आहेच आणि त्याचीही रक्तात साखरच होते. त्यांना त्यांचं प्रमाण तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तुम्ही एवढंच करा, गोड पदार्थ एका घासाच्या आकाराचे करा आणि आग्रह करू नका. हे दुसरं जास्त अवघड आहे, मला कल्पना आहे.

प्रश्न: काकू, मी नववीत आहे. आईच्या वाढदिवसाला कॅरमेल पॉपकॉर्न करून तिला चकित करायचंय. सराव म्हणून मक्याचे दाणे भाजले, तर निम्मे फुटलेच नाहीत. कॅरमेल कसं करू? आणि भांडं साफ कसं करू, म्हणजे तिला कळणार नाही?
— गुप्त मोहिमेवरचा

उत्तर: मोहीम गुप्त ठेव, पण घरातल्या एका मोठ्या माणसाला सामील करून घे. ही अट आहे, कारण साखर आचेवर चढते तेव्हा ती उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असते आणि कातडीला चिकटून बसते.

आधी दाणे. मक्याच्या दाण्यात साधारण 14 टक्के पाणी असतं. दाणा तापला की त्याची वाफ होते, पण कवच तिला बाहेर पडू देत नाही, शिट्टी न होणाऱ्या कुकरसारखं. साधारण 180 अंशांना कवच हार मानतं आणि दाणा फुटतो. तुझे दाणे जुने असणार, आतलं पाणी उडून गेलेलं. बरणीत कपभर दाणे घे, मोठा चमचाभर पाणी घाल, झाकण लावून चांगलं हलव आणि दोन-तीन दिवस ठेव. रोज एकदा हलव. मग जाड बुडाच्या पातेल्यात तेल घालून आधी तीनच दाणे टाक. ते फुटले की बाकीचे घाल. झाकण किंचित फटीने ठेव. पूर्ण बंद केलंस तर वाफ आत कोंडते आणि पॉपकॉर्न चिवट होतात. न फुटलेले दाणे नीट वेचून काढ, आईचा दात महत्त्वाचा.

दहा-बारा कप पॉपकॉर्नला 200 ग्रॅम ब्राऊन शुगर, 100 ग्रॅम लोणी, पाव कप ग्लुकोज सिरप आणि अर्धा छोटा चमचा मीठ. ग्लुकोजमुळे साखर पुन्हा रवाळ होत नाही. उंच कडांच्या पातेल्यात मध्यम आचेवर उकळी आण आणि मग चार-पाच मिनिटं उकळू दे, साधारण 125 अंशांपर्यंत. थर्मामीटर नसेल तर गार पाण्याच्या वाटीत एक थेंब टाक. त्याची कडक, पण दाबल्यावर किंचित दबणारी गोळी झाली पाहिजे. गॅस बंद करून अर्धा छोटा चमचा खायचा सोडा घाल. मिश्रण फसफसून वर येईल, म्हणूनच उंच पातेलं सांगितलं. लगेच पॉपकॉर्नवर ओतून दोन लाकडी चमच्यांनी कालव. ताटात पसरून 120 अंशांच्या ओव्हनमध्ये 45 मिनिटं ठेव, दर पंधरा मिनिटांनी हलव. जास्तीचं पाणी उडून जाईल आणि ते दाताला चिकटणार नाही. गार झाल्याबरोबर हवाबंद डब्यात भर. पावसाळी हवेत उघडं ठेवलंस तर तासाभरात सादळेल.

चव बघायला बोट घालायचं नाही, कितीही मोह झाला तरी. चटका बसलाच तर लगेच नळाच्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धर, बर्फ नको, लोणी-टूथपेस्ट तर मुळीच नको.

भांड्याचं म्हणशील तर तारेच्या काथ्याने खरवडत बसू नकोस. त्याच पातेल्यात पाणी भर, चमचे त्यातच टाक आणि उकळू दे. सगळं कॅरमेल विरघळून निघेल. नंतर साबणाने एकदा धुतलंस की झालं. वास मात्र घरभर राहील, त्यामुळे ती घरी यायच्या बऱ्याच आधी खिडक्या उघड.